गोडे पाणी

मित्रहो, 'गोडे पाणी' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो, की त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे आपल्याला वाटत नाही. विहिरीचे किंवा नदीचे पाणी जिभेवर घेऊन पाहा. त्याला साखरेची चव नसते. ते केवळ खारे नसते. जे खारे नाही ते गोड, हा निवाडा मराठीने जणू समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून दिला आहे. रायगड जिल्ह्यात तर तो गावांच्या आणि मुलखांच्या नावांतही उतरला आहे. खोपोलीहून निघालेली पाताळगंगा खालापूर तालुक्यातून वाहत आपट्याकडे येते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. तिच्या वाटेवर, भरतीचे पाणी जिथवर चढते त्या टापूत, खारपाडा हे गाव आहे. पेण-अलिबागकडच्या खाडीकाठच्या सखल जमिनींना खारेपाट म्हणतात. या साऱ्याच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणारे आम्ही कर्जत-खालापूरचे लोक गोड्या पाण्याची माणसे.

भाषाविज्ञानाच्या वर्गात हे उदाहरण मी अनेक वर्षे देत आलो. शब्द वस्तूचे वर्णन करीत नाहीत, वस्तूंमधला भेद नोंदवतात, हे सांगण्यासाठी ते फार सोयीचे आहे. हाच शब्द एके दिवशी मला फसवील, असे मात्र कधी मनात आले नव्हते. ते घडले एका जुन्या बोटीच्या निमित्ताने.

आमचे गाव उल्हास नदीच्या काठी आहे. ही नदी उन्हाळ्यातही पूर्ण आटत नाही, याचे श्रेय बरेचसे भिवपुरीच्या वीजगृहाला जाते. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी 1922 पासून तेथे खाली आणले जाते, त्यावर वीज तयार होते आणि वापरून झालेले पाणी पेज नदीवाटे उल्हासला मिळते. खोपोलीचे वीजगृह हेच काम पाताळगंगेसाठी 1915 पासून करीत आहे. उन्हाळ्यात अशी शांत दिसणारी नदी पावसाळ्यात मात्र ओळख विसरते. 26 जुलै 2005 रोजी तिचे पाणी आमच्या गावात शिरले आणि पलीकडच्या काठावरची वाडी पुरता एक दिवस तुटून राहिली. त्या दिवशी काठावर उभे राहून हाका मारण्याखेरीज आम्ही काहीही करू शकलो नाही. गावाची स्वतःची एखादी बोट असावी, हा विचार तेव्हाचा. प्रत्यक्षात बोट यायला तेरा वर्षे लागली.

2018 च्या पावसाळ्यानंतर गावातल्या तरुणांनी वर्गणी काढली आणि रेवसच्या बाजूला एक वापरलेली बोट पाहून ठेवली. सोळा फुटांची, फायबरची, मागे पंचवीस अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन. तिचे मालक एक वृद्ध तांडेल होते. व्यवहाराच्या वेळी 'सर, तुम्ही चला,' असा मुलांचा आग्रह झाला, म्हणून मीही गेलो. बोट टेम्पोवर चढली. निघताना तांडेल माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, गोरं पानी मिललं म्हनून धुवाचं सोरू नका."

किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी बोलींत 'ड'चा 'र' होतो, 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल'. गोड पाणी तेथे गोरे होते. माझे लक्ष त्या ध्वनिबदलाकडे गेले. सल्ल्याकडे गेले नाही. मी हसून म्हणालो, "तांडेल, आता ती समुद्रातून सुटली. नदीत तर रोजच धुतली जाईल." ते काही बोलले नाहीत. इंजिनाच्या खालच्या भागावर बसवलेला जस्ताचा एक झिजका तुकडा त्यांनी बोटाने दाखवला, हा बदला असे सांगितले आणि ते वळले.

अलिबाग, पोयनाड, वडखळ, पेण आणि खोपोली या वाटेने बोट गावी आली. नदीत उतरली तेव्हा नारळ फोडला गेला. इंजिन धुण्याचे काय करायचे, असे एका मुलाने मला विचारले. मी त्याला तेच उत्तर दिले, जे तांडेलांना दिले होते. मी प्राध्यापक, माझ्या शब्दाला गावात वजन आहे. त्या वजनाखाली तो प्रश्न दबून गेला.

पुढच्या नऊ महिन्यांत बोट फारशी चालली नाही. कधीतरी रविवारी मुले इंजिन सुरू करीत, दोन-तीन मिनिटे डोहात फेरी मारीत आणि बंद करीत. इंजिन सुरू होते, याचा अर्थ ते ठीक आहे, अशी आमची समजूत होती.

26 जुलै 2019 च्या रात्री पाऊस थांबेना. त्याच पुरात आमच्या खालच्या बाजूला, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि 27 तारखेला हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याच पहाटे पलीकडच्या वाडीतले एक कुटुंब घराच्या कौलांवर चढून बसले होते. दोन मुले बोट घेऊन निघाली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सात-आठ मिनिटांनी, बोट प्रवाहाच्या मध्यावर असताना, इंजिनाचा भोंगा वाजू लागला. इंजिनामागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली होती. मग इंजिन तापून बंद पडले. बोट गिरक्या घेत खाली वाहत गेली आणि करंजाच्या झाडांत अडकली. दोराच्या मदतीने मुले काठाला आली. कौलांवरच्या माणसांना तीन तासांनंतर, दुसरीकडून आलेल्या रबरी बोटीने उतरवले. त्यांत एक आजी होत्या. त्या तीन तासांत त्यांनी आमच्या दिशेने एकदाही हाक मारली नाही. 2005 मध्ये त्यांनी हाका मारल्या होत्या.

कोणाचा जीव गेला नाही. हे वाक्य मी अनेकदा स्वतःशी म्हणून पाहिले आहे. त्याने फारसे समाधान होत नाही.

नारळी पौर्णिमेला अजून अवकाश होता आणि किनाऱ्यावरच्या बोटी अजून वर ओढलेल्या होत्या. निरोप मिळताच तांडेल एका मेकॅनिकला घेऊन स्वतः आले. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी फक्त एक मोठे पिंप आणि पाणी मागितले. इंजिन उघडल्यावर मेकॅनिकने थर्मोस्टॅट माझ्या तळहातावर ठेवला. तो पांढऱ्या, दगडासारख्या थराने जाम झाला होता. समुद्र सोडून नऊ महिने झाले होते आणि समुद्र माझ्या तळहातावर होता.

मग जे समजले ते तुम्हालाही सांगतो. असे इंजिन बाहेरचे पाणी आत ओढून स्वतःला थंड करते. ते गार असते तेव्हा थर्मोस्टॅट मिटलेला असतो आणि आतल्या वाटांतून पाणी जेमतेम फिरते. पुरेसे तापल्यावर तो उघडतो आणि मगच पाणी सर्वत्र खेळते. आम्ही इंजिन दोन-तीन मिनिटांत बंद करीत होतो. म्हणजे ज्या नदीवर मी विसंबलो होतो, ती नदी आतपर्यंत कधी पोचलीच नव्हती. जुने मीठ तेथेच सुकत आणि धातूला खात राहिले. त्यात पुराच्या पाण्यातील रेतीने पंपाच्या रबरी इंपेलरची पाती घासली गेली. हे दुसरे संकट गोड्या पाण्याचे स्वतःचे होते.

जस्ताच्या त्या तुकड्याची गोष्टही अशीच आहे. पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू झिजतो. इंजिन ॲल्युमिनिअमचे, त्याच्याऐवजी झिजावा म्हणून जस्ताचा तुकडा लावतात. समुद्रात तो चोख काम करतो. परंतु गोडे पाणी विजेचे वाहक म्हणून समुद्राच्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी दुबळे असते. शिवाय त्यात जस्तावर एक कठीण पांढरट कवच चढते आणि तो झिजणेच थांबवतो. तुकडा शाबूत दिसतो आणि त्याच्याआड इंजिन खराब होत राहते. गोड्या पाण्यात त्या जागी मॅग्नेशिअम लागते. तेच मॅग्नेशिअम समुद्रात नेले, तर फार लवकर संपून जाते. रक्षण करणारा धातूही पाण्यागणिक बदलावा लागतो.

लाकडाचे तर सगळेच उलटे. बोटीचा सांगाडा फायबरचा असला, तरी इंजिन टांगलेल्या मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असते. समुद्राच्या मिठात लाकूड कुजवणारी बुरशी सहसा जोर धरत नाही. पावसाचे गोड पाणी स्क्रूच्या भोकांतून आत मुरले की ती फोफावते. आमची फळी एका कोपऱ्यात ठोकल्यावर भरीव आवाज देत नव्हती. बोट उघड्यावर ठेवून पाऊस तिला धुतो आहे, असे आम्ही कौतुकाने म्हणत होतो.

मौज अशी, की जो फरक डोळ्यांना दिसू शकेल, तो जवळजवळ नाहीच. समुद्राचे पाणी नदीच्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. माणसांसह आठशे किलो वजनाची बोट समुद्रात सुमारे 780 लिटर पाणी बाजूला सारते, नदीत 800 लिटर. फरक एका बादलीचा. बोट नदीत तीन-चार मिलिमीटर अधिक बुडते. वरून पाहणाऱ्याला ती दोन्हीकडे सारखीच दिसते.

तांडेल परतले त्या रात्री मी व्युत्पत्तिकोश उघडला. त्यातले मला नवे काहीच नव्हते. मराठीतला 'मीठ' हा शब्द आणि हिंदीतला 'मीठा' हा शब्द सख्खे आहेत. दोन्ही 'मिष्टान्न' या शब्दात आपल्याला भेटणाऱ्या 'मिष्ट'पर्यंत जातात, आणि त्या 'मिष्ट'चे नाते अभ्यासक 'मृष्ट'शी जोडतात. मृष्ट म्हणजे घासलेले, धुऊन स्वच्छ केलेले. खारट, गोड आणि धुतलेले हे तिन्ही अर्थ एका शब्दाच्या कुळात नांदत आहेत, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. शब्दाचा इतिहास मला ठाऊक होता. वस्तूचा इतिहास मात्र मी विचारला नाही. तांडेलांना तो शब्द कुठून आला हे माहीत नव्हते. मिठाचे काय करायचे, हे मात्र माहीत होते.

म्हणून, मित्रहो, भाषेचा अभ्यास करताना एवढे ध्यानात असू द्या, की 'गोड' हे विशेषण पाण्याला लावले म्हणजे आपण पाण्याविषयी काही सिद्ध केलेले नसते. आपण फक्त एक तुलना केलेली असते. आणि कोणी वेगळ्या उच्चारात काही सांगू लागले, तर आधी सांगणे ऐकावे, उच्चार नंतर टिपून घ्यावा.

आता आमच्याकडे एक वही आहे. दर पंधरा दिवसांनी इंजिन पिंपातल्या स्वच्छ पाण्यात पंधरा मिनिटे चालवायचे आणि मागची धार तापून कोमट झाली का, ते हात लावून पाहायचे. गिअरचे तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले असे समजायचे. पंख्यात गुंतलेली जलपर्णी काढून ती उन्हात वाळवायची. दुसऱ्या पाण्यात टाकायची नाही. ज्येष्ठात मॅग्नेशिअमचा तुकडा आणि इंपेलर बदलायचा. त्यानंतरच्या पावसाळ्यांत बोट दोनदा बाहेर काढावी लागली आणि दोन्ही वेळा ती पलीकडे जाऊन माणसे घेऊन परत आली. दुसऱ्या खेपेला त्या आजीही होत्या. उतरताना त्यांनी इंजिनाकडे बोट दाखवून मुलांना विचारले, "धुतलंय ना रे?"