आईच्या ओव्या आणि हरवलेली किल्ली

पन्नाशी ओलांडल्यावर मनुष्यानें नवी विद्या शिकूं नये, असें आमच्या घरांतील मंडळींचें मत आहे. आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक. आयुष्य शेक्सपिअर शिकविण्यांत गेलें. असें असतां गेल्या पावसाळ्यांत आम्हांस संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचें वेड लागलें. कारण सांगितल्यास वाचक आम्हांस क्षमा करतील.

१९९८ सालीं आम्हीं आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या वहींत उतरून घेतल्या व पुढें हौसेनें संगणकावर टंकित केल्या. आई २००९ सालीं गेली; वही वाळवीनें खाल्ली. आषाढांत ती जुनी फाइल उघडली, तों पडद्यावर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची नुसती रास! आई दुसऱ्यांदा गेली, असेंच आम्हांस वाटलें.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास ह्याच धंद्यांत आहे. तो म्हणाला, “सर, अक्षरें गेलीं नाहींत. कुलूप शाबूत आहे, किल्ली हरवली आहे.” त्या काळचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसवीत. प्रत्येकाची मांडणी निराळी; तो फाँट नसेल तर मजकूर मुका. जगांतील लिप्यांच्या अक्षरांस कायमचे क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व तींत देवनागरी होती. परंतु आमच्या टेबलापर्यंत ती पोंचण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

तेव्हां जुन्या संकेतांचें नव्यांत रूपांतर करणारा प्रोग्राम लिहावयाचें ठरलें. पहिल्याच रात्रीं पहिल्या वेलांटीनें आम्हांस जेरीस आणलें. ‘विठ्ठल’ लिहितांना जुना फाँट वेलांटी आधीं ठेवी व ‘व’ मागून. युनिकोडमध्यें ‘व’ आधीं, वेलांटी मागून. रफाराचें नेमकें उलट. ‘सूर्य’ मधला रफार जुन्या फाँटांत ‘य’च्या मागें, युनिकोडमध्यें पुढें. हात लिहितो तो क्रम निराळा आणि जीभ बोलते तो निराळा, हें आम्हांस ह्या वयांत यंत्रानें शिकविलें.

अर्धी वाट चाललों असतां विद्यार्थ्यानें दाखविलें कीं, कोणा अनोळखी माणसानें असलाच प्रोग्राम लिहून सर्वांस खुला ठेविला आहे. कोणीहि घ्यावा, वाचावा, सुधारावा. मूळ कर्त्याचें नांव मात्र पुसूं नये. आम्हीं त्यांत आमच्या फाँटाचें कोष्टक तेवढें घातलें.

ह्या रीतीस लोक नवी म्हणतात. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं फिनलंडांतील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनीं लिनक्स लोकांपुढें ठेविलें. आम्हांस मात्र आमची प्रवरा आठवते. संगमनेरावरून ती नेवाशास जाते, जेथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिची नक्कल करण्यास कोणाचा परवाना लागत नसे. म्हणून ती घरोघर गेली, आणि म्हणूनच तींत अपपाठहि शिरले. तेव्हां शके १५०६ मध्यें एकनाथांनीं पाठ शुद्ध केला व पदरच्या ओव्या घालूं नयेत असें बजाविलें. दार खुलें हवें, पण आंत येणारास शिस्तहि हवी.

आमचे चिरंजीव दरवर्षीं नवा फोन घेतात व आमच्या दहा वर्षांच्या यंत्राची थट्टा करतात. त्यावर लिनक्स आहे, आणि तें चालतें. यंत्र नवें असावें कीं जुनें, हा हौसेचा प्रश्न. त्यांत लिहिलेलें उद्यां वाचतां यावें, हा मात्र हौसेचा नव्हे.

दिवाळीच्या आधीं एका पहाटे ओव्या पडद्यावर उमटल्या. विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, आपलें कोष्टक आतां खुलें करायचें ना?” आम्ही घुटमळलों. तीन महिन्यांची मेहनत फुकट देववेना. मग आठवलें: ह्या ओव्या आईस तिच्या आईनें दिल्या, आईनें त्यांत आमचीं नांवें गुंफिलीं, आणि कोणीं कोणास मोल मागितलें नाहीं. आम्हीं होय म्हटलें.

एका ओवींतला एक शब्द अजून लागत नाहीं. टंकितांना आमच्याच हातून चूक झाली असावी. तेथें आई काय म्हणाली होती, तें आठवत नाहीं. ती जागा आम्हीं मोकळी ठेविली आहे. पदरचें अक्षर घातलेलें नाहीं.