खापर, झोका, पावरी

आखाजीचा, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेचा, झोका. कडुनिंबाच्या जाड फांदीवर मोटेचा नाडा टाकायचा, खाली पाटली अडकवायची. मोट विहिरीवरून उतरली तेव्हाच नाडाही गेला. निंब पुढे रस्त्यासाठी, गाळ्यांसाठी तुटले. आता झोका गच्चीवरच्या लोखंडी पाइपाला, नायलॉनच्या दोरीने बांधतात. उंच जाऊन शेजारचं गाव दिसेल असा तो नाही.

मुराळी. आखाजी म्हणजे लेकींचा सण. भाऊ मुराळी होऊन, गाडी जुंपून बहिणीला आणायला जायचा आणि ती माहेरी राहायची. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आसोद्याच्या लेक; त्यांची ‘आखजी’ ही कविता याच दिवसांची आहे. आता बहीण स्वतःच सकाळच्या एसटीने किंवा नवऱ्याच्या मोटारसायकलवर येते, आखाजीला बसवलेल्या गौराईला हात जोडते आणि पुष्कळदा दिवे लागायच्या आत परत निघते. गाणी तिला येतात. ती सगळी म्हणायला लागणारा वेळ तिच्याकडे नाही.

खापर. कुंभाराने घडवलेलं, पालथं घालून चुलीवर ठेवायचं. पुरणाची पोळी लाटायची नाही. भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा, कोपरापर्यंत आला की अलगद खापरावर सोडायचा. सपीट कसं भिजवायचं, किती तिंबायचं, चुलीत काडी कधी सरकवायची आणि कधी ओढायची, हे सांगून येत नाही. सासूच्या शेजारी बसून हाताला कळतं. गॅसच्या शेगडीवर खापर नीट बसत नाही, बसलं तरी आच कडेपर्यंत जात नाही. म्हणून बऱ्याच घरांत आखाजीची पोळी तव्यावर आली आणि लहान झाली. खापरावरची पोळी पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत बचत गटांच्या बाया करून दाखवतात, लोक रांग लावून खातात. त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. त्यांच्यामुळेच खापर घडवणाऱ्याला अजून मागणी आहे.

आगारी. पितरांच्या नावाने निखाऱ्यावर टाकायचा घास. घरात चूल नाही, तेव्हा एक गोवरी पेटवून अंगणात काम भागवतात. पितरांची घागर मात्र अजून नवी, मातीचीच भरतात.

सालदार. त्याचं साल आखाजीला संपायचं, आखाजीलाच नवं ठरायचं. वर्षाचे पैसे, ज्वारी, कपडे, पायताण. त्या व्यवहारात अन्याय पुष्कळ होता. तो कमी झाला याचं दुःख करायचं कारण नाही. पण आखाजी हे शेताचं वर्ष होतं, हे आता जुन्या माणसांनाच आठवतं.

कानबाईचे रोट. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू, तो जात्यावर दळायचा, आणि रोट भाऊबंदांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. जातं कोपऱ्यात उभं आहे. भाऊ सुरतला, नाशिकला, पुण्याला आहेत. तरी कानबाईला येतात. खानदेशातला हा एक सण घरं अजून भरतो.

भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायचा. जळगावात भुलाबाई महोत्सव भरतो, शाळांच्या मुली गाणी पाठ करून येतात. गाणी राहिली ती त्यामुळे. दारोदार फिरून खाऊ ओळखणं फार थोड्या आळ्यांत उरलं.

पावरी. भोपळा आणि बांबू यांचं वाद्य. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरकडच्या डोंगरात, मार्गशीर्षात डोंगऱ्या देव बसतो तेव्हा तिच्याशिवाय पान हलत नाही. कोकणा आणि भिल्ल व्रतकरी, म्हणजे माऊल्या, व्रत धरतात, तिच्या सुरावर रिंगण नाचतात, पौर्णिमेच्या रात्री गडावर जातात. व्रताला सलग दिवस मोकळे लागतात. मजुरीला गेलेल्या माणसाला ते कोण देणार? वाजवणारे बहुतेक वयस्क आहेत, आणि लग्नांत पावरीच्या जागी डीजे आला. हे मला सगळ्यांत जास्त लागतं, कारण खापर पुन्हा घडवता येईल. पावरीचा सूर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, मध्ये कुठे साठत नाही.

भोंगऱ्या हरवत चाललेल्या गोष्टींच्या या यादीत बसत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याचे आठवडे बाजार भोंगऱ्या होतात: शिरपूर तालुक्यात बोराडी, चोपड्यात वैजापूर, रावेरमध्ये पाल. गुजरातेत मजुरीला गेलेले पावरा, बारेला लोक याच दिवसांत परततात. माणसाच्या छातीएवढे ढोल, बासऱ्या, बायांच्या अंगावर चांदी. जाणार असलात तर एवढं लक्षात ठेवा. हा पोरं पळून जाण्याचा, लग्नं जुळवण्याचा बाजार नव्हे. तसं छापून छापून या समाजाला फार दुखावलं गेलं आहे. हा होळीच्या खरेदीचा बाजार. पोरींच्या तोंडावर विचारल्याशिवाय मोबाइल धरू नका. गूळ, डाळ्या, साखरेचं कंगन घ्या, ढोलवाल्यांना वाट द्या, आणि होळीला कोणी पाड्यावर बोलावलं तर जरूर जा.