देवाची ठेव

सन २०२० च्या मार्चमध्ये पुरीच्या श्रीजगन्नाथाचे नाव वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर झळकले, तेव्हा आम्ही क्षणभर चकित झालो. ५ मार्च रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे संचालक मंडळ बाजूस सारून, ठेवीदारांस सर्वसाधारणपणे ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम काढता येणार नाही असा निर्बंध घातला, आणि त्या निर्बंधात जगन्नाथाचे ५४५ कोटी रुपये अडकले. तिरुमला तिरुपती देवस्थानाने मात्र आपले सुमारे १,३०० कोटी काही महिने आधीच काढून घेतले होते. दोन्ही रूपे विष्णूचीच. एकाचे कारभारी अधिक सावध निघाले, इतकेच!

पुढे सरकारने पुनर्रचनेची योजना मंजूर केली. स्टेट बँकेने ६,०५० कोटी घातले, इतर बँकांनी भर घालून तो आकडा सुमारे १० हजार कोटींवर नेला, आणि १८ मार्चच्या सायंकाळी निर्बंध उठला. तेरा दिवसांत देवाच्या पैशावरचे संकट टळले.

याच काळात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे ठेवीदार काय भोगीत होते? या बँकेच्या शाखा आपल्या गोव्यातही होत्या. तिच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाच्या घशात गेले होते व हजारो खोट्या खात्यांआड ते लपविले होते. २०१९ च्या सप्टेंबरात निर्बंध आला तेव्हा सहा महिन्यांत अवघे १ हजार रुपये काढण्याची मुभा होती. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली खरी. परंतु बँकेचे विलीनीकरण व्हावयास २०२२ चा जानेवारी उजाडला, आणि ज्यांची ठेव मोठी त्यांना शेवटच्या हप्त्यासाठी दहा वर्षांची वाट दाखविण्यात आली. या ठेवीदारांचा अपराध येस बँकेच्या ठेवीदारांहून अधिक नव्हता. त्यांची बँक लहान होती.

मोठ्यास बुडू द्यावयाचे नाही, ही रीत केवळ आपलीच नव्हे. २००८ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बेअर स्टर्न्स ही पेढी पैशाचे बळ देऊन दुसरीच्या पदरात टाकली. तिला कर्ज देणारे सुखरूप सुटले, आणि पुढची पेढीही अशीच वाचविली जाईल असे बाजाराने गृहीत धरले. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्सला बुडू दिले, तेव्हा हाहाकार उडाला. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीस ८५ अब्ज डॉलर द्यावे लागले. अर्थशास्त्रज्ञ यास ‘मॉरल हॅझर्ड’ म्हणतात. आम्ही त्यास अभयाने आलेली बेफिकिरी म्हणू. लाभ झाला तर आपला, तोटा झाला तर सर्वांचा, असे एकदा ठरले की सावधपणे व्यवहार करणारा मूर्ख ठरतो.

वाचविणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. वाड्यावर आग लागली असता ती कोणाच्या चुलीतून निघाली याची चौकशी आधी करीत बसणारा माणूस शेजारी म्हणवून घेण्यास लायक नव्हे. येस बँकेच्या बाबतीत जोखीम घेणाऱ्यांना काही झळ लागलीही. तिचे ८,४१५ कोटींचे रोखे शून्य ठरविण्यात आले, आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण ही बेफिकिरी केवळ संचालकांत असते असे मानणे सोयीचे आहे, खरे नव्हे.

आमच्या देवस्थानाचेच पाहा. शाश्वत सेवेच्या वहीत कित्येक कुटुंबांची नावे आहेत. कोणी आईच्या नावे अभिषेक लावला आहे, कोणी दिवंगत मुलाच्या नावे नंदादीप. मूळ रक्कम बँकेत, व्याजातून सेवा. ठेव-विमा २०२० च्या फेब्रुवारीपासून ५ लाखांचा झाला. परंतु कायद्याच्या दृष्टीने हे देवस्थान म्हणजे एकच ठेवीदार. वहीत नावे कितीही असोत, एका बँकेतील सर्व ठेवींना मिळून संरक्षण ५ लाखांचेच, तेही व्याजासह. मग उरलेल्या रकमेस आधार कोणाचा? सभेत हा प्रश्न निघाला तेव्हा एक वृद्ध महाजन म्हणाले, “देवाचे पयशे बुडचे नात.” खजिनदारबाब अधिक व्यवहारी. ते म्हणाले, “सर्व ठेव सर्वांत मोठ्या बँकेत ठेवूया, ती सरकार बुडू देणार नाही.” २०१५ पासून रिझर्व्ह बँक अर्थव्यवस्थेस अत्यावश्यक अशा बँकांची नावे जाहीर करते, ती त्यांनी अधिक भांडवल राखावे म्हणून, आपण मात्र ती यादी अभयपत्रासारखी वाचतो. बँकेचा ताळेबंद वाचावयास नको, कर्ज कोणास दिले हे विचारावयास नको. आणि आपण सर्वांनी असे केले की मोठी बँक आणखी मोठी होते, तिला बुडू देणे आणखी अशक्य होते.

येत्या सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत की ठेव तीन बँकांत विभागावी, आणि प्रत्येकीचा लेखापरीक्षण-अहवाल दरवर्षी महाजनांपुढे वाचावा. त्यांपैकी एक तालुक्यातील सहकारी बँक असावी, मात्र तेथील रक्कम व्याजासह विम्याच्या मर्यादेत राहावी. तीन बँका म्हणजे हिशेबाचे काम तिप्पट, ही खजिनदारबाबांची हरकत रास्त आहे. शाश्वत सेवेची वही त्यांच्या मदतीस आम्ही घेऊ. तिसऱ्या बँकेचे नाव अद्याप ठरलेले नाही.