माझी विकेट

जावा भाषेत वेबपानं बांधायचा एक सांगाडा आहे. त्याचं नाव विकेट. जोनाथन लॉक या गृहस्थांनी तो 2004 साली सुरू केला आणि 2007 पासून तो अपाचीच्या घरी नांदतो आहे. असल्या नावाच्या वस्तूवर पोट भरणाऱ्याचं पुढे काय होणार, हे मी पहिल्याच दिवशी ओळखायला हवं होतं.

विकेटचा संसार दोन घरांत. साचा एचटीएमएलच्या फायलीत, अक्कल जावाच्या. साच्यात जिथे खूण असेल तिथे बसायला जावाने कोणीतरी पाठवलंच पाहिजे. नाही पाठवलं तर पान उघडतच नाही. मानपान राहिलेल्या विहिणीसारखं अडून बसतं.

2013 साली मी एका मंगल कार्यालयासाठी पत्रिकांची साइट करत होतो. भाचीचं लग्नही तिथेच होतं. प्रत्येक घरचा थाट निराळा. कोणाला वर गणपती हवा, कोणाला गणपतीच्याही वर आजोबांचा फोटो. एका साच्यात हे मावेना, तेव्हा साचाच ऐन वेळी तयार करायचं ठरवलं. त्याची सोय आहे. तिचं नाव 'आयमार्कअपरिसोर्सस्ट्रीमप्रोव्हायडर'. (हे दक्षिणेतलं रेल्वे स्टेशन नव्हे.) विकेटने मागितला की साच्याचा मजकूर जोडून तिच्या हातात द्यायचा, बस्स! वधूवरांची नावंही मी त्यातच कोरली. वास्तविक नावांची लेबलं वेगळी लावायची असतात. पण हुशारी सुचली की मला आवरत नाही. चाचणी घेतली. अर्थात एकच लग्न लावून.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "काय रे, आमच्या पत्रिकेवर ही कोण मुलगी? आणि हा टकलू नवरा कोणाचा?"

मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, भाचीची पत्रिका उघडली. चोख! ताईला म्हटलं, "किरकोळ होतं गं." संध्याकाळी कार्यालयाच्या मालकांचा फोन आला. त्या महिन्यातल्या सगळ्या पत्रिकांवर माझीच भाची बोहल्यावर उभी होती.

झालं होतं असं, की विकेट एकदा मिळालेला साचा जपून ठेवते, आणि ठेवते पानाच्या वर्गाच्या नावावर. माझ्या सगळ्या पत्रिकांचा वर्ग एकच. त्यामुळे जो पहिला उघडेल त्याचंच लग्न सर्वांच्या वाट्याला! यावर उपाय म्हणजे तितक्याच लांब नावाचा आणखी एक करार करायचा आणि "कुठल्या नावावर ठेवू?" असं तिने विचारलं की 'नल', म्हणजे कुठल्याच नाही, असं सांगायचं. एवढ्या एका शब्दासाठी मी रात्रभर जागलो.

सकाळी ताईला कळवलं, "आता ज्याची पत्रिका त्याला दिसते."

"कशाला बदललंस?" ताई हिरमुसून म्हणाली. "काल ओळखीच्या चार बायका म्हणाल्या, सगळीकडे तुमचंच कार्य दिसतंय!"