दोन्हीकडे गावंढळ

भाचा आइंडहोवनला नोकरीला आहे. परवा फोनवर त्यानं ऑफिसातल्या एका मित्राबद्दल सांगितलं, ते डोक्यातून जात नाहीये.

मित्र तुर्की वंशाचा. १९६४ साली नेदरलँड्सनं तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला, त्यानंतर आजोबा करामानकडच्या खेड्यातून कारखान्यात आले. हा गडी जन्मला, वाढला तिकडेच. त्याचं डच दक्षिणेकडचं. उत्तरेत 'ग' घशातून खरवडून काढतात, याचा मऊ. निरोप घेताना 'हौदू' म्हणणार. ॲमस्टरडॅमच्या मीटिंगमध्ये लोक हसतात. घरी आजोबांची तुर्की. मेंढीला शाळेतल्या तुर्कीत 'कोयुन', याच्या तोंडी 'गोयुन'. 'येतोय'ला 'गेलियोरुम' म्हणायचं, हा म्हणतो 'गेलियोम'. सुट्टीत इस्तंबूलला गेला की दुकानदार लगेच ओळखतो. दोन भाषा येतात, आणि दोन्हीत गावंढळ!

मग मी वाचत बसलो. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, पण डच फारच बदलते बुवा. पश्चिम फ्लँडर्सचा माणूस बेल्जियमच्या टीव्हीवर बोलला की खाली डचमध्येच सबटायटल येतं. लिम्बर्गकडे 'दाग' शब्दाचा नुसता सूर बदलला की एका दिवसाचे अनेक दिवस होतात. तुर्कस्तान एवढा मोठा, पण तिथं एदिर्नेवाल्याला त्राब्झोनवाल्याचं तुर्की बहुतेक कळतं. कळतं, तरी हसतातच. काळ्या समुद्राकडचे लोक 'गेल्दिम'ला 'जेल्दुम' म्हणतात, आणि तेमेल-दुर्सुनचे विनोद सगळे त्याच हेलात.

नेदरलँड्सनं १९९७ मध्ये लिम्बर्गीला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता तरी दिली. तुर्कस्तानात शाळेत, रेडिओवर इस्तंबूलचीच भाषा. गावोगावचे शब्द गोळा करून १२ खंडांचा कोश मात्र काढला. शब्द कोशात, बोलणारा विनोदात.

आणि मी काय वेगळं करतो? आमच्याकडची आजी म्हणते, "आमना गावमा पानी नई." मी वीस वर्षं छापतोय, "आमच्या गावात पाण्याची तीव्र टंचाई आहे." एकदा तिला वाचून दाखवलं, तर विचारते, ही बोलणारी बाई कोण?

या आठवड्यात तिचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं. डेस्कवरून फोन आला, "भाऊ, भाषा तेवढी शुद्ध करून द्या."

दिली नाही. बातमी अजून लागलेली नाही.