कवट्या आणि कुलवृत्तांत

गेल्या दिवाळींत आमचा धाकटा पुतण्या चार दिवस राहावयास आला होता. तो भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं फराळाचें ताट पुढें घेऊन त्यानें आम्हांस कवट्यांचीं चित्रें दाखविण्यास आरंभ केला. ऐन सणाला हें काय अभद्र, म्हणून माजघरांतून ओरडा झाला. परंतु आम्ही पडलों मास्तर. पेन्शनींत गेलों तरी खोड जात नाहीं. चकली हातांत तशीच ठेवून आम्ही पाहूं लागलों.

दक्षिण आफ्रिकेंत कारू नांवाचा विस्तीर्ण, रुक्ष प्रदेश आहे. तेथें रस्ते बांधण्याच्या कामावर असलेल्या अँड्र्यू गेडिस बेन नामक स्कॉटिश गृहस्थास सन १८३८ च्या सुमारास खडकांत विलक्षण कवट्या सांपडल्या. वरच्या जबड्यास दोनच सुळे. बाकी तोंड कांसवाच्या चोंचीसारखें. त्या लंडनला पोंचल्या आणि रिचर्ड ओवेन या पंडितानें १८४५ सालीं त्या प्राण्याचें ‘डायसिनोडॉन’ असें बारसें केलें. आपण ‘द्विदंष्ट्र’ म्हणूं. संस्कृतांत दांताला द्विज म्हणतात, कारण तो दोनदां जन्मतो. या बिचाऱ्याजवळ मात्र बहुधा तेवढे दोनच.

दिसावयास हा प्राणी सरपटणाऱ्यांतला वाटतो. पण तो तसा नव्हे. डोळ्याच्या मागें कवटीला एकच खिडकी असणें ही सस्तन प्राण्यांच्या कुळाची खूण, आणि ती याच्या ठायीं आहे. तो आपला पूर्वज नाहीं. फार दूरचा भाऊबंद म्हणावा. त्याच्या जबड्याच्या सांध्याशीं दोन हाडें असतात. सस्तनांच्या वंशांत तींच पुढें लहान होत होत कानांत गेलीं. पुतण्या म्हणाला, “काका, हीं दोन हाडें तुमच्या कानांत आहेत.” आम्हांला अलीकडे थोडें कमी ऐकूं येतें, तेव्हां त्या हाडांविषयीं आमच्या मनांत उगाच आपुलकी उत्पन्न झाली.

खरी मौज पुढेंच आहे. ओवेननें एका कवटीला सरडशीर्ष, दुसरीला मार्जारशीर्ष, तिसरीला सिंहशीर्ष अशा अर्थाचीं लॅटिन नांवें दिलीं. १८६५ सालीं हक्स्ले यानें आपल्याकडील राणीगंजच्या खडकांतील अवशेषांवरून एक ‘पौर्वात्य’ जात सांगितली. पुढें रॉबर्ट ब्रूम नांवाचे एक डॉक्टर आले. त्यांना नांवें ठेवण्याचा उत्साह दांडगा. असें होतां होतां या एका द्विदंष्ट्राच्या नांवावर दीडशेंहून अधिक जाती जमा झाल्या! पंचवीस कोटी वर्षें खडकाखालीं पडलेली कवटी वरून दाबली गेली तर रुंद दिसते, बाजूनें दाबली गेली तर अरुंद दिसते. पोराची कवटी निराळी, थोराची निराळी. मार्जारशीर्षाच्या जातींत तर नराला सुळे, मादीला नाहींत. नव्या कवटीला नवें नांव दिलें कीं काम संपलें.

सन २०११ मध्यें कॅमरर, अँजिलचिक व फ्रोबिश या तिघांनीं हें सर्व गाठोडें सोडलें. मूळ कवट्या, म्हणजे ज्यांवरून नांवें दिलीं होतीं त्या, पुन्हां तपासल्या. शेवटीं या नांवाखालीं जाती उरल्या किती? दोन. सरडशीर्ष राहिला. मार्जारशीर्ष व सिंहशीर्ष यांस निराळीं कुळनांवें मिळालीं. हक्स्लेचा पौर्वात्य तर केव्हांच लिस्ट्रोसॉरसाच्या घरांत गेला होता. अनेक नांवें एकाच प्राण्याचीं निघालीं. आणि आम्हांस सर्वांत आवडलें तें हें: उरलेल्या दोहोंपैकीं टांझानियांतली जी जात, तिची मूळ कवटी सिंहशीर्षाच्या कुळांतली आहे, हें पुढें २०१९ सालीं स्वतः कॅमरर यांनींच दाखविलें. आपलाच निकाल त्यांनीं आठ वर्षांनीं फिरविला.

“एवढे विद्वान, आणि एकाचे दहा करून बसले!” असें म्हणून आम्ही हंसलों. पुतण्या म्हणाला, “मूळ कवटी न पाहतां कागदावरून कागद केला कीं असें होतें.”

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

बारा वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध केला. तीस प्रती छापून आप्तांस वांटल्या. कौतुकही पुष्कळ झालें. त्यांत आमच्या एका चुलत आजोबांच्या दोन पत्नी दाखविल्या आहेत. पहिलीचें नांव आम्हांस पत्रिकेंत मिळालें, दुसरीचें एका खरेदीखतांत. थोरली मुलगी आणि तिच्या पाठचे दोन मुलगे यांत दहा वर्षांचें अंतर. मग काय, मुलगी पहिलीची आणि मुलगे दुसरीचे असें आम्हीं ठरवून टाकलें. ती मुलगी म्हणजे आमची आत्या. आज नव्वदीला आली आहे, आणि आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते.

रात्रीं दिवा लावून तें पान काढलें. पहिल्या पत्नीचा मृत्यु कोठें नोंदलेला नाहीं. दुसरीचें लग्नही नाहीं. आपल्याकडे सासरीं आल्यावर मुलीचें नांव बदलतात, ही गोष्ट आम्हांला त्या वेळीं सुचूं नये! आयुष्यभर शब्दांचे पर्याय मुलांकडून पाठ करून घेतले आणि एका बाईच्या दोन बायका केल्या.

सकाळीं पाडव्याचें अभ्यंग आटोपून आम्ही आत्याकडे गेलों. ती ओट्यावर बसून वाती वळीत होती. आम्हीं भीत भीत विचारलें, “आत्या, तुझी आई आणि तुझ्या भावांची आई एकच ना?”

“म्हणजे काय? एकच.”

“मग मीं छापलें तें तूं वाचलें नव्हतेंस?”

“वाचलें कीं. धाकट्यानेंही वाचलें होतें, तो होता तेव्हां. म्हणाला, ‘ताई, आतां तूं सावत्र, ओवाळणी निम्मीच घालणार.’ खूप हंसलों आम्ही.”

“मग सांगितलें कां नाहींस?”

आत्यानें वात खालीं ठेवली. “अरे, तूं एवढा शिकलेला, एवढें छापून आणलेंस. तुझी चूक काढावी असें कोणाच्या मनांत येईल? पण आई गेल्यावर तिच्या जागीं दुसरी कोणी बसवलीस, तेवढें बरें वाटलें नाहीं.”

आम्हांस बोलवेना. थोड्या वेळानें तीच म्हणाली, “माझ्या पाठीवर दोघें झालीं होतीं. एक मुलगा पांच दिवसांचा गेला, एक मुलगी दीड वर्षाची होऊन गेली. त्यांना कोणीं कोठें लिहिलें नाहीं, म्हणून तुला मधें रिकामें दिसलें.”

दोन गल्ल्या! कॅमरर यांस टांझानियांतल्या कवटीचा छडा लावावा लागला; आम्हांस पायांत चपला घालून एवढें अंतर चालावयाचें होतें, तें बारा वर्षें चाललों नाहीं.

आम्हीं दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. तीस प्रतींपैकीं एकोणीस प्रती आजवर हातीं लागल्या असून त्यांत त्या चिकटविल्या. उरलेल्यांचा शोध चालू आहे. आत्याच्या प्रतींतील चिठ्ठी तिनें स्वतःच्या देखत चिकटवून घेतली आणि चष्मा लावून दोनदां वाचली. मुलीचें नांव तिला आठवत होतें, तें घातलें. पांच दिवसांच्या मुलाचें बारसें झालेलेंच नव्हतें. त्या जागीं आम्हीं नुसतें ‘पुत्र’ असें लिहिलें आहे.