स्कूटरची गादी

कोकणातल्या एका निवृत्त मास्तरांनी घराच्या बाजूला स्कूटरसाठी पत्र्याची शेड बांधायला काढली. सोलिंग झालं तेव्हा गवंडी म्हणाला, "मास्तर, कोबा ओतायच्या आधी खाली प्लास्टिकचा कागद अंथरू या. जांभ्याची जमीन आहे, पावसात ओल वर येईल."

"स्कूटर काय गादीवर झोपणार आहे?" मास्तर म्हणाले. कागदाचे पैसे वाचले.

जुलैत कोबा काळपट दिसू लागला. स्टँडला गंज चढला. मास्तरांनी निदान केलं, गवंड्याने सिमेंट खाल्लं! मजुरीचे शेवटचे हजार रुपये त्यांनी अडवले. तेवढ्यावर थांबते तर बरं; चहाच्या टपरीवरही चारचौघांत बोलून दाखवलं. गणित शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला आपलंच गणित चुकलं असेल, हे सुचत नाही. गवंड्याची मात्र गणपतीआधीची दोन कामं गेली.

ऑगस्टमध्ये लेक माहेरी आली. ती बांधकाम खात्यात इंजिनीअर. तिने हातभर प्लास्टिकचा चौकोन कोब्यावर ठेवला आणि चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या. दुसऱ्या दिवशी तो उचलला, तर खालची बाजू थेंबांनी भरलेली.

"बाबा, थेंब वरच्या बाजूला असते तर हवेतली वाफ गार कोब्यावर जमली म्हटलं असतं. हे पाणी जमिनीतलं. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं ना, तसं ते काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर येतं. सिमेंट वाढवून ओल कमी झाली असती, थांबली नसती. कागद का नाही घातला?"

मास्तर गप्प. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

त्याच संध्याकाळी हजार रुपये घेऊन ते गवंड्याच्या दारात गेले. मग टपरीवर. तिथे बोलायला जास्त जड गेलं.

दिवाळीनंतर काम निघालं. जुना कोबा झाडून, टोचणारे खडे काढून त्यावर २५० मायक्रॉनचा जाड कागद पसरला. जोडावर सहा इंच एकावर एक घेऊन चिकटवला, भिंतीशी वर दुमडला. त्यावर चार इंच नवं काँक्रीट, दाराकडे उतार. पागोळ्यांचं पाणी बाहेर काढायला चर खणला. सात दिवस गोणपाटावर पाणी मास्तरांनीच मारलं.

उरलेला कागद गुंडाळून गवंड्याने त्यांच्या हातात दिला. "ठेवा मास्तर. गादी झाली, आता ही चादर."